दोन घटनांच्या मधली वर्षं

दुसऱ्यांदा झालं तेव्हा भीती, राग, रडू या सगळ्याच्या आधी मनात आलं ते हे, की आता हे कुणालाच सांगता येणार नाही. एकदा झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल लोक हळहळतात. दुसऱ्यांदा झालं म्हटलं की नजर अत्याचार करणाऱ्यावरून हटते आणि बाईवर येऊन थांबते. हिच्याच बाबतीत सारखं असं कसं होतं? कुणी विचारायच्या आधी मीच स्वतःला हे विचारून बसले होते, आणि उत्तरही तयार होतं: माझ्यातच काहीतरी आहे.

त्या उत्तराचं पुढे काय झालं, ते सांगायला हे लिहितेय. घटनांचे तपशील देणार नाही, त्यांची गरज नाही. पहिली घटना शाळेच्या वयातली. घरी येणं-जाणं असलेला नातेवाईक, आणि ते एकदाच घडून थांबलं नव्हतं. दुसरी तेविसाव्या वर्षी, ज्याच्याबरोबर रोज बोलणं-बसणं होतं अशा माणसाकडून. मधली दहा-बारा वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सरळ दिसली असती. अभ्यास, परीक्षा, नोकरी, मैत्रिणी. या लेखाचा विषय खरं तर तीच वर्षं आहेत.

दुसऱ्या घटनेनंतर झोप गेली म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. झोपेच्या गोळ्या मागायच्या आणि निघायचं, असं ठरवून गेले होते. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि मला रडू फुटलं, तेव्हा थोडंसं सांगितलं. लहानपणचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "एकदा अनुभव आल्यावर माणूस सावध होतो ना?" त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं. पण त्या एका वाक्याने मी पुढचे कित्येक महिने तोंड उघडलं नाही. नंतर कळलं की यावर संशोधन झालेलं आहे. सारा उलमन या अमेरिकन संशोधिकेने बरीच वर्षं हाच विषय अभ्यासला आहे: अत्याचार सोसलेली स्त्री पहिल्यांदा बोलते तेव्हा समोरचा काय म्हणतो, आणि त्याचं पुढे काय होतं. दोष देणारी, अविश्वास दाखवणारी किंवा "आता विसर" म्हणणारी प्रतिक्रिया मिळालेल्या स्त्रियांना पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या आजाराचा, त्रास जास्त होतो, त्यांच्यात दारूचा आधार घेण्याचं प्रमाण वाढतं, आणि याच वाटेने पुन्हा अत्याचार होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे त्या डॉक्टरांचं वाक्य हाही एक धोक्याचा घटक होता. हे वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

अखेर एका मैत्रिणीने ट्रॉमावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. त्यांना मी मॅडमच म्हणत आले, इथेही तेच म्हणते. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "मी तू म्हणू की तुम्ही?" मग विचारलं, दार बंद ठेवलं तर चालेल का, आणि कुठल्या खुर्चीत बसायला आवडेल. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मी निवडली. इतक्या साध्या गोष्टी कुणी आपल्याला विचारून ठरवतं, याची मला सवयच नव्हती. "तू चालेल" म्हणताना घसा दाटून आला आणि मला त्याचं कारण कळेना.

सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतली. पीसीएल-५ असं तिचं नाव. २० प्रश्न, गेल्या महिन्याभरात अमुक त्रास किती झाला याला शून्य ते चार गुण. नको त्या आठवणी, वाईट स्वप्नं, दचकणं, लोकांपासून तुटल्यासारखं वाटणं, स्वतःला दोष देणं. एकूण ८० पैकी साधारण ३१ ते ३३च्या पुढे गेलं तर पीटीएसडी आहे का हे नीट तपासतात. माझे गुण त्याच्या बरेच वर होते. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मॅडम म्हणाल्या, "यातलं दुसऱ्या घटनेच्या आधीपासून काय काय होतं, त्यावर खूण कर." मी खुणा करत गेले. दचकणं, आधीपासून. झोप मोडणं, आधीपासून. आनंदाची गोष्ट घडली तरी आत काहीच न हलणं, आधीपासून. जवळपास अर्ध्याहून जास्त ओळींवर खूण झाली. मी ज्याला "माझा स्वभाव" म्हणत होते, ती पहिल्या घटनेनंतर कधीच न बघितलेली दुखापत होती.

थेरपीचं नाव कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, सीपीटी. पॅट्रिशिया रेसिक यांनी १९८०च्या दशकात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना ती घडवली. साधारण १२ सत्रांची, ठरावीक क्रमाची आणि गृहपाठ असलेली. मला वाटलं होतं की कोचावर बसून सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. तसं नव्हतं. पहिला गृहपाठ असा: एक पान लिहायचं. घटनेचं वर्णन करायचं नाही. ती का घडली असं तुला वाटतं, आणि त्यानंतर स्वतःबद्दल, इतरांबद्दल, जगाबद्दल तुझ्या समजुती कशा बदलल्या, एवढंच.

मी ते पान सत्राच्या आदल्या रात्रीपर्यंत टाळलं. मग लिहिलं ते भराभर. मॅडमनी मलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचता वाचता कानाला जाणवलं की त्या पानावर अत्याचार करणाऱ्या दोघांपैकी एकाचाही उल्लेख कर्ता म्हणून नव्हता. "मी गेले", "मी थांबले", "मी बोलले नाही", "मला कळायला हवं होतं". सगळी क्रियापदं माझी. त्या दोघांनी जणू काही केलंच नव्हतं. मॅडमनी त्यातली काही वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवली. सीपीटीत त्यांना अडकलेले विचार म्हणतात, कारण माणूस बरा व्हायचा तिथेच अडतो. माझ्या कागदावर सगळ्यात वर होतं: "हे दोनदा झालं म्हणजे कारण मीच आहे."

"हे खरं असतं," मॅडम म्हणाल्या, "तर तुझ्यासारख्या बायका क्वचितच सापडायला हव्यात." आणि मग त्यांनी मला आकडे सांगितले. लहानपणी लैंगिक शोषण झालेल्या व्यक्तींवरच्या ८० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात पुन्हा अत्याचार झालेल्यांचं सरासरी प्रमाण ४७.९ टक्के निघालं. जवळजवळ दोघींत एक. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीच्या २०१०च्या आकड्यांनुसार अठराच्या आत बलात्कार झालेल्या स्त्रियांपैकी ३५.२ टक्के स्त्रियांवर प्रौढपणीही बलात्कार झाला होता; ज्यांच्यावर लहानपणी झाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण १४.२ टक्के होतं. मी आकड्यांनी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी रडले. इतक्या जणी. त्या सगळ्यांच्यात "काहीतरी" होतं, असं मी कुणाच्या तोंडावर म्हटलं असतं का? मग स्वतःला कसं म्हणत होते?

पण खरं सांगायचं तर आकड्यांनी दिलासा दिला तसा एक नवा प्रश्नही दिला. धोका वाढतो हे खरं असेल तर तो कशाने वाढतो? मॅडमनी हा प्रश्न टाळला नाही. अनेक समुपदेशक टाळतात असं मी नंतर ऐकलं, कारण त्यांना वाटतं की धोक्याच्या घटकांबद्दल बोललं की बाईला दोष दिल्यासारखं होईल. माझा अनुभव उलटा आहे. न बोलल्याने ती जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत आपण स्वतःलाच बसवतो.

त्यांनी आधी एक गोष्ट पक्की केली. अत्याचार होतो कारण कुणीतरी तो करायचं ठरवतो. बाकी सगळं सांगतं ते एवढंच, की तसं ठरवणारा माणूस कुणाजवळ सहज पोचतो आणि कुणाला तिथून बाहेर पडणं अवघड जातं. मग आम्ही एकेक घटक घेत गेलो, सत्रांमध्ये विखरून, कधी वर्कशीटवर, कधी नुसतं बोलून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गोठण्यावर. रोजच्या वर्कशीटवर तीन रकाने असतात: काय घडलं, मी स्वतःला काय सांगते, काय वाटतं. माझा एक कागद अजून फाइलमध्ये आहे. पहिल्या रकान्यात: "तो जवळ आला. मी काहीच बोलले नाही." दुसऱ्यात: "गप्प बसले म्हणजे मी होऊ दिलं." तिसऱ्यात: "शरम. किळस." खाली छापलेला प्रश्न: दुसऱ्या रकान्यातला विचार वास्तवाला धरून आहे का?

मॅडमनी विचारलं, "तुला ओरडायचं होतं?"

"हो."

"मग?"

"आवाज फुटला नाही. हात उचलायला गेले तर हात माझा नसल्यासारखा."

"ओरडायचं नाही असं तू ठरवलंस?"

"नाही."

"मग 'होऊ दिलं' यात ठरवणं कुठे आहे?"

मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिले. मग मॅडमनी स्टॉकहोमच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. बलात्कारानंतर तिथल्या तातडीच्या सेवा केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांना त्या वेळच्या शरीराच्या स्थितीबद्दल विचारलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात आणि ४८ टक्के स्त्रियांनी अतितीव्र प्रमाणात शरीर ताठरल्याचं, हालचाल किंवा आवाज अशक्य झाल्याचं सांगितलं. हा मेंदूचा जुना, आपोआप चालणारा प्रतिसाद आहे. विचारपूर्वक निर्णय घेणारा भाग त्यात मागे पडतो. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं ते असं: ज्यांना आधी कधी मोठा आघात झाला होता, त्यांच्यात गोठण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तीच वाट शरीराने आधी तुडवलेली असते. लहानपणी, जिथे पळायला जागा नव्हती आणि सांगायला माणूस नव्हतं, तिथे निपचित पडून राहणं हाच एक उपाय माझ्या शरीराकडे होता, आणि तो त्याने नीट शिकून घेतला. तेविसाव्या वर्षी त्याने तोच वापरला.

यानंतरचा मुद्दा मला पचायला जड गेला. धोका ओळखण्याचा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना एक ध्वनिफीत ऐकवली. एक मुलगा आणि एक मुलगी भेटलेत, तो हळूहळू जबरदस्तीकडे जातोय. हा आता मर्यादा ओलांडतोय असं वाटलं की बटण दाबायचं. ज्यांच्यावर पुन्हा अत्याचार झाला होता त्यांनी सरासरी उशिरा बटण दाबलं. हे ऐकलं आणि माझा चेहरा पडला. म्हणजे शेवटी ते डॉक्टर बरोबरच होते? मॅडम म्हणाल्या, "पुढचं ऐक." त्याच स्त्रियांपैकी ज्यांच्यात पीटीएसडीची सतत सावध ठेवणारी लक्षणं तीव्र होती, त्यांनी लवकर बटण दाबलं, अत्याचार न झालेल्या स्त्रियांइतकंच लवकर. म्हणजे प्रश्न अक्कल असण्या-नसण्याचा नाही. आतली धोक्याची घंटा चालू आहे की बधिर झाली आहे, याचा आहे. पुढच्या सगळ्या अभ्यासांत उशिराचा हा निष्कर्ष सारखा आला नाही, हेही त्यांनी सांगितलं. काही स्त्रियांना धोका कळतो वेळेवर, पण कळल्यावर हलता येत नाही.

माझ्या बाबतीत दोन्ही होतं. तो माणूस खटकला होता मला. मी "नको" म्हटल्यावर तो हसून तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत मागायचा. मैत्रिणींपासून मला बाजूला काढून बोलायचा. अंगाला शिरशिरी यायची, आणि मी तिला गप्प करायचे, कारण लहानपणी ज्याच्याबद्दल तीच शिरशिरी आली होती तो घरातल्या सगळ्यांचा लाडका होता. आपल्याला जे वाटतं ते चूक असतं, मोठ्यांना जे वाटतं ते बरोबर, हे मी फार लवकर शिकले होते. कुणी शिकवलं? ज्याला त्यातून फायदा होता त्याने. सीपीटीत विश्वास या विषयावर एक स्वतंत्र सत्र असतं. सुरक्षितता, विश्वास, नियंत्रण, आत्मसन्मान आणि जवळीक अशा पाच विषयांपैकी तो एक. मी वर्कशीटवर लिहिलं होतं, "कुणावरही विश्वास ठेवायचा नाही." त्याआधीची कित्येक वर्षं मी नेमकं उलटं जगत होते: जो थोडी माया दाखवेल त्याच्यावर पूर्ण विश्वास. मॅडमनी विचारलं, "पैशांच्या बाबतीत कुणावर विश्वास आहे? गुपिताच्या बाबतीत? एकटीने त्याच्याबरोबर थांबण्याच्या बाबतीत?" माणूस तोच असला तरी उत्तरं वेगवेगळी येतात. विश्वास असा तुकड्या-तुकड्यांत, बघत बघत देता येतो हे मला माहीतच नव्हतं. अजूनही मला थेरपीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच वाटते.

दारूबद्दल थोडक्यात. मधल्या वर्षांत मी रात्री झोप लागावी म्हणून प्यायचे, कारण न पिता अंथरुणाला पाठ टेकली की सगळं परत यायचं. अत्याचारानंतर दारूकडे वळणं खूप जणींच्या बाबतीत घडतं, आणि तरुण मुलींवरच्या अत्याचारांमध्ये साधारण निम्म्या घटनांत दोघांपैकी कुणीतरी प्यायलेलं असतं असं अमेरिकन महाविद्यालयांतले अभ्यास वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. यावरून मुलींना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. पण दारू प्यायलेली मुलगी दिसली म्हणून सोबतची बहुतेक माणसं तिला घरी पोचवतात. एखादा ते करत नाही. फरक त्या एकात आहे. माझ्या पिण्यावर उपचार झाला तो झोपेवर आणि स्वप्नांवर उपचार झाला तेव्हा, उपदेशाने नाही.

आणखी एक घटक ज्याने मला हादरवलं: नाव न देणं. मेरी कॉस यांनी अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांमधल्या ६,१५९ विद्यार्थी-विद्यार्थिनींची पाहणी केली होती, ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. जिच्या बाबतीत घडलेलं कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बलात्कार होतं, अशा चौघींपैकी साधारण एकीनेच त्याला बलात्कार म्हटलं होतं. बाकीच्यांनी गैरसमज, वाईट अनुभव असं काहीबाही. मी घटनेनंतर तीन आठवडे त्या माणसाच्या मेसेजना उत्तरं देत होते. "काल जरा जास्तच झालं, नाही?" असं त्याने लिहिलं आणि मी एक हसरा चेहरा पाठवला. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, थेरपीतही फार उशिरा सांगितलं. मॅडमना नवल वाटलं नाही. घडलेल्याला अत्याचार न म्हणणाऱ्या स्त्रियांचा त्या माणसाशी संपर्क चालू राहण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यांना पुढच्या काळात पुन्हा तसाच प्रयत्न सोसावा लागण्याची शक्यताही जास्त, असं पाठपुराव्याच्या अभ्यासात दिसलेलं आहे. नाव दिलं की सगळं तुटतं: मैत्री, गट, कामाची जागा, स्वतःची स्वतःबद्दलची प्रतिमा. नाव न देऊन मी त्या सगळ्याला जपत होते. आता त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघताना मला त्या मुलीची कणव येते.

सत्रं अर्ध्यावर आली तेव्हा मी फार चिडू लागले. घरच्यांवर, शाळेवर, सगळ्यांवर. शाळेत असताना माझे गुण एका वर्षात कोसळले होते. मी बाकावर डोकं ठेवून झोपायचे. पोट दुखतं म्हणून सारखी घरी जायचे. बाईंनी आईला बोलावलं, आईने पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं, औषधं झाली. त्या काळात मला एकदाही कुणी विचारलं नाही की तुला कुणी काही केलंय का, कुणाची भीती वाटते का. मॅडमनी तेव्हा मला २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या मुलींची आधीची माहिती घेऊन पुढची काही वर्षं त्यांचा पाठपुरावा केला होता. लहानपणच्या शोषणाने किशोरवयातल्या अत्याचाराचा धोका वाढतो आणि किशोरवयातल्या अत्याचाराने महाविद्यालयातला. ज्यांच्या बाबतीत मधली कडी नव्हती, म्हणजे लहानपणी झालं पण किशोरवयात झालं नाही, त्यांचा पुढचा धोका तितका वाढलेला दिसला नाही.

मला यातून जे दिसलं ते मी मॅडमना म्हटलंही. धोका मुलीच्या अंगाला कायमचा चिकटत नाही. तो मधल्या वर्षांत तयार होतो: न झालेल्या उपचारात, न विचारलेल्या प्रश्नात, जाग्या राहिलेल्या रात्रींत, "विसरून जा" या सल्ल्यात. पहिल्या घटनेनंतरच्या वर्षभरात मला जे आत्ता मिळतंय ते मिळालं असतं, तर दुसऱ्या माणसाने मला गाठलंच नसतं असं मी म्हणणार नाही. त्याने काय केलं असतं ते त्याच्या हातात. पण तो मेसेज आल्यावर मी हसरा चेहरा पाठवला नसता. ती शिरशिरी आल्यावर मी उठून गेले असते, किंवा निदान कुणाला तरी सांगितलं असतं.

थेरपी संपत आली तेव्हा मॅडमनी एका गट-प्रशिक्षणाचं नाव सुचवलं. मला आधी रागच आला. सगळं होऊन गेल्यावर पुन्हा मीच शिकायचं? पण त्यामागचा पुरावा वाचून गेले. कॅनडातल्या शार्लिन सेन यांनी विद्यार्थिनींसाठी एक कार्यक्रम तयार केला. तीन-तीन तासांचे चार भाग: धोका ओळखणं, तो आहे हे स्वतःशी मान्य करणं, प्रतिकार करणं, आणि स्वतःला काय हवंय हे ओळखणं. तीन विद्यापीठांतल्या ८९३ मुलींवर त्याची चाचणी झाली, २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण कार्यक्रम केलेल्या गटात ५.२ टक्के आणि नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के. आधी अत्याचार झालेल्या मुलींनाही त्याचा फायदा झाला. त्यातला गाभा असा की धोका बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून असतो, आणि ओळखीच्या माणसाला थांबवताना आड येते ती शक्ती नव्हे, संकोच आड येतो: त्याला वाईट वाटेल, मी अति करतेय, लोक काय म्हणतील.

आमच्या प्रशिक्षणातली एक दुपार सांगते. जोड्या करून समोरासमोर उभं राहायचं. समोरची एकेक पाऊल पुढे येणार. नको वाटेल तिथे "थांब" म्हणायचं, हसायचं नाही, कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. ऐकायला सोपं आहे. माझ्यासमोरची मुलगी अगदी हाताच्या अंतरावर आली तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. निघाला तेव्हा त्याला लगेच "सॉरी" जोडून निघाला. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "परत. सॉरी काढून." परत. आवाज चिरका आला. परत. खोलीतल्या बहुतेक जणींची हीच अवस्था होती, ज्यांच्या बाबतीत काहीच झालं नव्हतं त्यांचीसुद्धा. आपण सगळ्याच मुली समोरच्याला न दुखवण्याची तालीम लहानपणापासून करत आलेल्या असतो. माझ्यासारखीने ती जरा जास्त कडक हातांखाली केलेली असते. शेवटी शेवटी आवाज पोटातून आला. भिंतीवर आदळला आणि समोरची मुलगी खरोखर थबकली. मग ती हसली आणि मी रडले.

अशा प्रशिक्षणाने ओझं पुन्हा मुलींवरच पडतं, हा आक्षेप मला मान्य आहे. मुलग्यांबरोबरचं काम, घरातल्यांचं, शाळांचं काम हे त्याहून मोठं आहे आणि त्याला वेळ लागणार आहे. तोवर माझ्या पोटातला तो आवाज मला हवा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शेवटच्या सत्रात पहिल्यासारखंच पान पुन्हा लिहायचं असतं. या वेळी त्यात त्या दोघांची क्रियापदं होती. "त्याने केलं." "त्याने माझं नको ऐकलं नाही." पीसीएल-५चे गुण निम्म्याच्याही खाली आले होते. स्वप्नं पूर्ण गेलेली नाहीत. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की अजून अंग आकसतं. पण आता आकसल्यावर मी वळते आणि सांगते की असं करू नका.

बहिणीला सांगितलं ते त्यानंतर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी काय करू, ते सांग. जवळ बसू की नको?" तिने का, कसं, तेव्हाच का नाही सांगितलंस, यातलं काहीच विचारलं नाही. कुणी तुम्हाला असं सांगायला आलं तर एवढंच पुरतं. विश्वास ठेवा, आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या.

आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. पण त्या नातेवाईकाच्या घरी आता माझ्या चुलतबहिणीची मुलगी राहायला जाते, हे कळल्यावर मी थांबू शकले नाही. चुलतबहिणीला फोन केला. हात थरथरत होते. "ताई, तुझ्या मुलीला त्याच्याजवळ एकटं सोडू नकोस. माझ्या बाबतीत झालंय," एवढं बोलले. पलीकडे शांतता, मग फोन ठेवल्याचा आवाज. त्या रात्री मी पुन्हा जागी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मुलीला घेऊन आलेय परत, म्हणाली. आणि मग विचारलं, "तिला काही झालंय का हे कसं विचारू? घाबरवायचं नाहीये तिला."

मला जे कुणी विचारलं नव्हतं ते मी तिला शब्दशः सांगितलं. दोघीच असताना, घाई नसताना विचार. कुणाजवळ जायला तुला आवडत नाही का, कुणी कधी असं काही केलं का जे लपवून ठेव म्हणाला, असं विचार. हो म्हणाली तर चेहरा सांभाळ, रागावू नकोस, खोदून खोदून तपशील काढू नकोस, सांगितलंस ते बरं झालं, यात तुझी चूक नाही, म्हण आणि मला फोन कर. पुढे कुणाकडे जायचं ते मला माहीत आहे. नाही म्हणाली तरी थोड्या दिवसांनी पुन्हा विचार. मुलं एका खेपेत सांगत नाहीत.

ताई सगळं लिहून घेत होती. मधेच म्हणाली, "थांब, 'लपवून ठेव'च्या पुढचं परत सांग."